जॉन सिंगर सार्जंट

जॉन सिंगर सार्जंट (१२ जानेवारी, १८५६, फ्लॉरेन्स, इटली – १५ एप्रिल, १९२५, लंडन, इंग्लंड) हा अमेरिकन चित्रकार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप व अमेरिकेतील अग्रगण्य व्यक्तिचित्रकार म्हणून त्याची ख्याती होती. त्याने सुमारे ९०० तैलचित्रे आणि २,००० हून अधिक जलरंगचित्रे काढली. त्यांखेरीज असंख्य रेखाटने आणि बॉस्टन शहरातील विस्तृत भित्तिचित्रेही त्याच्या नावावर आहेत. १८७९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात दिएगो वेलास्केझच्या ‘लास मेनिनास’ या स्पॅनिश राजपरिवाराच्या चित्राची प्रतिकृती केली. तैलरंगातील व्यक्तिचित्रणाच्या त्याच्या शिक्षणातील हा निर्णायक टप्पा मानला जातो. पुढील चित्रांतील त्याची छटांची जाण, रंगलेपनातील काटकसर आणि रिकाम्या अंधाऱ्या अवकाशाचा वापर यांची मुळे या अभ्यासात आढळतात.

बालपण

सार्जंटचे वडील फिट्झविल्यम सार्जंट हे फिलाडेल्फिया येथे नेत्रशल्यचिकित्सक होते. आई मेरी न्यूबोल्ड सिंगर हौशी जलरंगचित्रकार होती. पहिल्या मुलीच्या अकाली मृत्यूनंतर मेरीची प्रकृती ढासळली आणि १८५४ मध्ये हे दांपत्य हवापालटासाठी युरोपात आले. काही महिन्यांसाठी ठरलेला हा मुक्काम जन्मभराचा झाला. ऋतुमानाप्रमाणे इटली, फ्रान्स, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या देशांत बिऱ्हाड हलवीत हे कुटुंब राहिले. जॉनला एमिली आणि व्हायोलेट या दोन धाकट्या बहिणी होत्या.

सततच्या भ्रमंतीमुळे जॉनचे शालेय शिक्षण सलग झाले नाही. वडिलांनी त्याला घरीच शिकवले. त्याला इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आणि जर्मन या भाषा अवगत झाल्या. पियानोवादनातही त्याने चांगली गती मिळवली. आईच्या आग्रहामुळे प्रवासातील प्रत्येक ठिकाणी रेखाटने करण्याची सवय त्याला लहानपणीच लागली. वडिलांना मुलाने नौदलात जावे असे वाटत होते. परंतु त्याचा कल पाहून त्यांनी हा विचार सोडून दिला. १८७३–७४ च्या हिवाळ्यात जॉनने फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत काही काळ शिक्षण घेतले. तेथील अध्यापन समाधानकारक न वाटल्याने १८७४ च्या मे महिन्यात कुटुंब त्याला घेऊन पॅरिसला आले.

पॅरिसमधील शिक्षण

पॅरिसमध्ये सार्जंटने कॅरोलस-द्युराँ या तत्कालीन लोकप्रिय व्यक्तिचित्रकाराच्या चित्रशाळेत प्रवेश घेतला. त्याच वर्षी एकोल दे बोझार या शासकीय कलाविद्यालयाची प्रवेशपरीक्षाही तो उत्तीर्ण झाला. त्यामुळे दोन भिन्न पद्धतींचे शिक्षण त्याला एकाच वेळी मिळाले.

शासकीय विद्यालयात रेखांकनाला प्राधान्य होते. विद्यार्थी प्रथम प्राचीन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींवरून आणि नंतर जिवंत प्रतिमानावरून दीर्घकाळ रेखाटन करीत. रंगकामाला त्यानंतर हात घातला जाई. कॅरोलस-द्युराँची पद्धत याच्या उलट होती. कोळशाने प्रमाणे जुजबी निश्चित करून झाली की तो विद्यार्थ्याला थेट रुंद कुंचल्याने रंग लावण्यास सांगे. चेहऱ्याचे मोजके प्रमुख स्तर ठरवायचे, प्रत्येक स्तराची छटा रंगफलकावर अचूक मिसळायची आणि ती योग्य जागी ठेवायची, असा त्याचा दंडक होता. आधी मध्यछटा शोधावी. तिच्यापेक्षा गडद आणि तिच्यापेक्षा उजळ भाग नंतर थोडक्यात सांगावेत, ही त्याच्या शिकवणीची गुरुकिल्ली होती. लावलेला रंग घोटून गुळगुळीत करण्यास मनाई असे. छटा चुकली तर त्या जागेवर डागडुजी न करता ती नव्याने रंगवावी लागे.

कॅरोलस-द्युराँने स्वतः तरुणपणी स्पेनमध्ये राहून वेलास्केझचा अभ्यास केला होता आणि विद्यार्थ्यांनाही तो सतत वेलास्केझकडे पाहण्यास सांगत असे. त्या काळी फ्रेंच चित्रकारांमध्ये स्पॅनिश चित्रकलेविषयी मोठे आकर्षण होते. एदुआर माने १८६५ मध्ये माद्रिदला जाऊन आला होता. सार्जंटचा सहाध्यायी आर. ए. एम. स्टीव्हन्सन याने पुढे, १८९५ मध्ये, वेलास्केझवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. या चित्रशाळेत वेलास्केझचा अभ्यास किती मनापासून होत असे, हे त्यावरून दिसते.

सार्जंट अल्पावधीतच चित्रशाळेतील सर्वांत निपुण विद्यार्थी ठरला. १८७७ मध्ये ‘सलॉन’ या पॅरिसच्या वार्षिक अधिकृत प्रदर्शनात त्याचे पहिले व्यक्तिचित्र लागले. १८७९ च्या सलॉनमध्ये त्याने आपल्या गुरूचेच व्यक्तिचित्र मांडले आणि त्याला सन्माननीय उल्लेख मिळाला. या यशानंतर श्रीमंत ग्राहक मिळवणे त्याला अवघड नव्हते. परंतु त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तो पॅरिस सोडून माद्रिदला गेला आणि प्रादो संग्रहालयात प्रतिकृतिकार म्हणून काम करू लागला. गुरूकडून ऐकलेले मूळ चित्रांसमोर स्वतः पडताळून पाहण्याची ही संधी होती.

लास मेनिनास

‘लास मेनिनास’ हे चित्र वेलास्केझने सार्जंटच्या जन्माच्या बरोबर २०० वर्षे आधी, १६५६ मध्ये, स्पेनचा राजा चौथा फिलिप याच्या माद्रिद येथील राजवाड्यात काढले. त्याची उंची सुमारे ३१८ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे २७६ सेंटिमीटर आहे. चित्राच्या मध्यभागी पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता उभी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना दोन तरुण मानकरणी आहेत. त्यांच्यासाठीच्या पोर्तुगीज शब्दावरून चित्राला आजचे नाव मिळाले. उजवीकडे दरबारातील दोन ठेंगू व्यक्ती आणि बसलेला मोठा कुत्रा आहे. डावीकडे प्रचंड कॅनव्हाससमोर स्वतः वेलास्केझ कुंचला घेऊन उभा आहे. मागच्या भिंतीवरील आरशात राजा आणि राणी मारियाना यांची प्रतिबिंबे अंधूक दिसतात, तर उघड्या दारातील पायऱ्यांवर एक दरबारी थबकलेला आहे.

१७३४ मध्ये माद्रिदचा राजवाडा आगीत भस्मसात झाला, तेव्हा हे चित्र वाचवण्यात आले. १८१९ मध्ये प्रादो संग्रहालय खुले झाल्यावर राजसंग्रहातील चित्रे सर्वसामान्यांना पाहता येऊ लागली. राजवाड्याच्या खासगी दालनातील चित्रासमोर परदेशी विद्यार्थ्याला घोडी मांडून बसता आले, ते या बदलामुळेच.

शिकणाऱ्या चित्रकाराच्या दृष्टीने या चित्राचे वैशिष्ट्य त्याच्या रंगलेपनात आहे. जवळून पाहिल्यास राजकन्येच्या झग्यावरील नक्षी म्हणजे सुटे, तुटक फटकारे दिसतात; काही पावले मागे सरकल्यावर तेच फटकारे रेशीम आणि रुपेरी कलाकुसर बनतात. चित्राचा वरचा जवळजवळ अर्धा भाग छत आणि भिंती यांच्या करड्या-तपकिरी अंधाराने व्यापलेला आहे. तेथे काहीच घडत नाही; तरीही दालनातील हवा आणि खोली त्या रिकाम्या भागामुळेच जाणवते. उजवीकडील खिडकीतून येणारा प्रकाश पुढच्या आकृत्यांवर पडतो आणि मागच्या दारातील प्रकाश दृष्टीला आत ओढून घेतो.

माद्रिदमधील प्रतिकृती

सार्जंटने केलेली ‘लास मेनिनास’ची प्रतिकृती मूळ चित्राच्या तुलनेत बरीच लहान आहे. तीत तपशील हुबेहूब उतरवण्याचा प्रयत्न दिसत नाही. चेहरे, झगे आणि कुत्रा थोडक्या फटकाऱ्यांत सुचवलेले आहेत. भर आहे तो प्रकाशित आकृत्या आणि भोवतालचा अंधार यांच्या परस्परसंबंधावर. आकार लहान केल्यामुळे काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याची निवड पदोपदी करावी लागते. त्यामुळे ही प्रतिकृती मूळ चित्राची जागा घेण्यासाठी केलेली नक्कल नसून त्याच्या रचनेचे आणि छटांचे विश्लेषण ठरते.

प्रतिकृती करण्याची ही रीत युरोपीय कलाशिक्षणात जुनीच होती. सतराव्या शतकात पीटर पॉल रूबेन्सने माद्रिदच्या राजसंग्रहातील तित्सियानोच्या चित्रांच्या प्रती केल्या होत्या, तर १७७८ मध्ये फ्रान्सिस्को गोयाने वेलास्केझच्या राजचित्रांवरून अम्लरेखने प्रसिद्ध केली होती. व्यक्तिचित्रकाराला या अभ्यासाचा विशेष लाभ होतो. जिवंत माणूस समोर असताना साधर्म्य, हालचाल, बदलता प्रकाश आणि ग्राहकाची अपेक्षा यांचे भान एकाच वेळी ठेवावे लागते. चित्रासमोर बसले असता हे सर्व प्रश्न आधीच सोडवलेले असतात; उत्तर कसे काढले गेले, एवढेच शोधायचे असते. मिसळलेली छटा मूळ चित्राशी ताडून पाहता येत असल्याने चूक लपत नाही.

सार्जंटने माद्रिदमध्ये ‘लास मेनिनास’सह वेलास्केझच्या अनेक चित्रांचा अभ्यास केला. ‘सूत कातणाऱ्या स्त्रिया’ या चित्राची आणि इसापाच्या मस्तकाची प्रतिकृती त्यांत आहे. राजकन्या, कामकरी स्त्रिया आणि फाटक्या वेषातील कथाकार या सर्वांना वेलास्केझने सारख्याच गांभीर्याने रंगवले होते. माद्रिदहून सार्जंट दक्षिण स्पेन आणि पुढे मोरोक्को येथे गेला. या प्रवासातील स्पॅनिश नृत्याच्या अनुभवातून ‘एल हालेओ’ (१८८२) हे त्याचे भव्य चित्र साकारले.

१८८० मध्ये त्याने हॉलंडमधील हारलेम येथे जाऊन फ्रान्स हाल्सच्या समूहचित्रांतील काही आकृत्यांच्या प्रतिकृती केल्या. वेलास्केझकडून त्याने छटांचा संयम घेतला, तर हाल्सकडून कुंचल्याची चपळाई. ही अभ्यासचित्रे त्याने अखेरपर्यंत आपल्या चित्रशाळेत जपून ठेवली. पुढे शिकू इच्छिणाऱ्या एका तरुण चित्रकर्तीलाही त्याने हारलेमला जाऊन हाल्सच्या प्रती करण्याचा सल्ला दिला.

बॉइट भगिनींचे चित्र

माद्रिदच्या अभ्यासाचे फलित १८८२ मध्ये ‘एडवर्ड डार्ली बॉइटच्या मुली’ या चित्रात दिसले. बॉइट हा पॅरिसमध्ये राहणारा श्रीमंत अमेरिकन चित्रकार आणि सार्जंटचा मित्र होता. त्याच्या चार मुलींचे हे चित्र प्रत्येक बाजूला सुमारे २२२ सेंटिमीटर, म्हणजे चौरस आकाराचे आहे. व्यक्तिचित्रासाठी हा आकार असाधारण होता.

सर्वांत धाकटी, चार वर्षांची ज्यूलिया बाहुली घेऊन गालिच्यावर बसली आहे. मेरी लुइसा डावीकडे हात मागे घेऊन एकटीच उभी आहे. जेन आणि सर्वांत मोठी फ्लॉरेन्स दालनाच्या अंधाऱ्या तोंडाशी आहेत; फ्लॉरेन्स एका प्रचंड जपानी फुलदाणीला टेकलेली असून तिचा चेहरा जेमतेम दिसतो. मागे काळोखात आरसा चमकतो. अंधारलेले खोल दालन, आरसा, विखुरलेल्या आकृत्या आणि प्रेक्षकाकडे थेट पाहणारी लहान मुलगी हे घटक ‘लास मेनिनास’ची आठवण करून देतात, मात्र एकही आकृती तेथून उचललेली नाही. राजकन्येभोवती दरबार आहे, तर बॉइट भगिनी एकमेकींपासूनही दूर उभ्या आहेत. मुली वयाने जसजशा मोठ्या, तसतशा त्या अंधारात शिरत गेलेल्या दिसतात. यामुळे या चित्राकडे बालपण सरत जाण्याचे चित्र म्हणूनही पाहिले जाते.

१८८३ च्या सलॉनमध्ये हे चित्र मांडले गेले, तेव्हा त्यातील मोकळी जागा आणि आकृत्यांचे तुटलेपण काही समीक्षकांना खटकले. हेन्री जेम्स या कादंबरीकाराने मात्र १८८७ च्या लेखात त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. १९१९ मध्ये बॉइट भगिनींनी वडिलांच्या स्मरणार्थ हे चित्र बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाला दिले.

मादाम एक्स

१८८४ च्या सलॉनमध्ये सार्जंटने व्हर्जिनी आमेली गोत्रो हिचे व्यक्तिचित्र मांडले. लुईझियानात जन्मलेली गोत्रो पॅरिसच्या उच्चभ्रू वर्तुळात सौंदर्यासाठी प्रसिद्ध होती. काळा पोशाख, अतिशय फिकट त्वचा, बाजूला वळवलेला चेहरा आणि खांद्यावरून ओघळलेला पोशाखाचा पट्टा यांमुळे चित्रावर टीकेचा भडिमार झाला. गोत्रोच्या आईने चित्र काढून घेण्याची मागणी केली; सार्जंटने ती मान्य केली नाही. प्रदर्शन संपल्यावर त्याने पट्टा खांद्यावर सरळ करून रंगवला आणि चित्र स्वतःजवळ ठेवून घेतले.

या प्रकरणामुळे पॅरिसमधील त्याच्या व्यवसायाला जबर धक्का बसला आणि १८८६ मध्ये तो लंडनला स्थायिक झाला. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयाने हे चित्र विकत घेतले. हे आपले सर्वोत्तम काम असावे, असे मत त्याने त्या वेळी कळवले. चित्राला गोत्रोचे नाव देऊ नये, अशी विनंतीही केली. त्यामुळे ते ‘मादाम एक्स’ या नावाने प्रसिद्ध आहे.

लंडनमधील कारकीर्द

इंग्लंडमध्ये आरंभी सार्जंटला व्यक्तिचित्रांची कामे फारशी मिळाली नाहीत. १८८५ आणि १८८६ या वर्षी ब्रॉडवे या खेड्यात त्याने ‘कार्नेशन, लिली, लिली, रोझ’ हे दोन मुली कागदी कंदील पेटवत असल्याचे चित्र काढले. संधिप्रकाशाची नेमकी छटा रोज काही मिनिटेच टिकत असल्याने या चित्राला दोन वर्षांचे शरद ऋतू लागले. १८८७ मध्ये ते ब्रिटिश राष्ट्रीय संग्रहासाठी विकत घेण्यात आले आणि इंग्लंडमध्ये त्याचे स्थान पक्के झाले. १८९२ मधील ‘लेडी ॲग्न्यू ऑफ लॉकनॉ’ या चित्रानंतर त्याला कामांची वाण उरली नाही. १८९७ मध्ये तो रॉयल अकादमीचा पूर्ण सदस्य झाला. १९०३ मध्ये त्याने अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे व्हाइट हाउससाठीचे अधिकृत व्यक्तिचित्र काढले.

पूर्णाकृती मांडणी, पडद्यांची पार्श्वभूमी आणि वस्त्रांची झळाळी ही एके काळी राजेरजवाड्यांच्या चित्रांपुरती असलेली भाषा सार्जंटने बँकमालक, व्यापारी, डॉक्टर आणि लेखक यांच्यासाठी वापरली. व्हर्टहायमर या लंडनमधील ज्यू कलाविक्रेत्या कुटुंबाची त्याने डझनभर व्यक्तिचित्रे काढली.

कार्यपद्धती

सार्जंट कॅनव्हास व्यक्तीच्या शेजारी ठेवी, दूर जाऊन दोन्हींकडे एकाच वेळी पाही आणि मग पुढे येऊन फटकारा मारी. अशी येरझार दिवसभर चाले. मस्तकाची घडण आणि मुख्य छटा जुळल्याखेरीज डोळे किंवा ओठ यांच्या तपशिलात तो शिरत नसे. मस्तक मनासारखे न उतरल्यास तो सर्व रंग खरवडून काढी आणि पुन्हा आरंभ करी. त्यामुळे सहज वाटणाऱ्या चेहऱ्यांखाली अनेकदा पुसलेले प्रयत्न दडलेले असत. जवळून तुटक आणि दुरून सलग दिसणारा त्याचा फटकारा, तसेच पार्श्वभूमीचा संयत करडेपणा यांत माद्रिदच्या अभ्यासाचा ठसा ओळखता येतो.

व्यक्तिचित्रणातून निवृत्ती आणि अखेरची वर्षे

ग्राहकांच्या मागण्यांचा सार्जंटला हळूहळू कंटाळा येत गेला. १९०७ च्या सुमारास त्याने तैलरंगातील व्यक्तिचित्रांची कामे घेणे जवळजवळ बंद केले आणि आग्रह करणाऱ्यांना कोळशातील रेखाटनावर समाधान मानावे लागले. त्याच वर्षी ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याच्या राजवटीत देऊ केलेली ‘सर’ ही पदवी त्याने आपण अमेरिकन नागरिक असल्याचे कारण देऊन नाकारली. व्हेनिस, आल्प्स पर्वत आणि मध्यपूर्व येथील प्रवासांत त्याने मोकळी, प्रकाशमान जलरंगचित्रे काढली. बॉस्टन सार्वजनिक ग्रंथालयातील भित्तिचित्रांचे काम १८९० पासून सुमारे तीन दशके चालू होते.

पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, पॅरिसच्या सें-जेर्व्हे चर्चवर जर्मन तोफगोळा पडून त्याची भाची रोझ-मारी ठार झाली. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्याला युद्धचित्रासाठी आघाडीवर पाठवले. विषारी वायूने दृष्टी गेलेले सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ओळीने चालत असल्याचे ‘गॅस्ड’ (१९१९) हे सुमारे सहा मीटर लांबीचे चित्र त्यातून निर्माण झाले. ते लंडनच्या इम्पीरियल वॉर म्यूझियममध्ये आहे.

सार्जंट अविवाहित होता. १४ एप्रिल, १९२५ च्या रात्री तो लंडनमधील टाइट स्ट्रीट येथील घरी झोपला आणि झोपेतच हृदयविकाराने त्याचे निधन झाले. सरे परगण्यातील ब्रुकवुड दफनभूमीत त्याचे दफन करण्यात आले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात लंडनमध्ये त्याच्या चित्रशाळेतील चित्रांचा लिलाव झाला. त्यात माद्रिदची अभ्यासचित्रेही होती.

मूल्यमापन

मृत्यूनंतर सार्जंटची प्रतिष्ठा झपाट्याने ओसरली. रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने त्याचे काम कुशल, परंतु वरवरचे ठरवले. नव्या प्रयोगांच्या काळात जुन्या आचार्यांकडून शिकलेले कौशल्य हेच दोष मानले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे मत बदलत गेले आणि मोठ्या प्रदर्शनांमधून त्याच्या कार्याचा नव्याने विचार झाला. २०२२–२३ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात त्याच्या स्पेनविषयक कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरले.

२०१० मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयाने बॉइट भगिनींचे चित्र काही काळासाठी माद्रिदला पाठवले आणि प्रादो संग्रहालयात ते ‘लास मेनिनास’च्या शेजारी मांडण्यात आले. सार्जंटने प्रतिकृतिकार म्हणून जेथे अभ्यास केला होता, त्याच संग्रहालयात १३१ वर्षांनी त्याचे स्वतंत्र चित्र मूळ राजचित्राशेजारी पाहण्याची संधी प्रेक्षकांना मिळाली.